वाळूत रुजलेली लाल वाईन

युरोपात वाईनसाठी लावलेल्या द्राक्षवेली जवळपास सगळ्या कलमी आहेत. खाली अमेरिकन जंगली वेलीचा खुंट आणि वर काबर्ने, मर्लो, पिनो, जी काय जात असेल तिची काडी. मी वेंगुर्ला तालुक्यात आंबा, काजू आणि कोकमाच्या कलमांची रोपवाटिका चालवते. कुठल्याही झाडाविषयी ऐकलं की माझा पहिला प्रश्न खुंटाचा असतो. त्यामुळे लिस्बनला नोकरी करणाऱ्या माझ्या लेकीने फोनवर सांगितलं, की इथे समुद्राकाठी एका गावात अजून बिनकलमाच्या वेली आहेत आणि त्याही निव्वळ वाळूत, तेव्हा मी तिला म्हटलं, तुझ्याकडे आले की राजवाडे नि चर्च राहिले तरी चालतील, ते गाव मला दाखव. गावाचं नाव कोलारेश. तिथल्या लाल वाईनविषयी आणि त्याहून जास्त तिथल्या वाळूविषयी लिहायचं कधीचं मनात होतं.

कलमं का करावी लागली ते आधी सांगते, त्याशिवाय कोलारेशचं मोल कळायचं नाही.

1860 च्या दशकात फ्रान्सच्या दक्षिणेकडे वेली आपोआप वाळायला लागल्या. पानं पिवळी पडायची, पुढच्या वर्षी फळ कमी लागायचं, त्याच्या पुढच्या वर्षी वेल मेलेली असायची. उपटून बघितलं तर मुळं कुजलेली. कारण निघालं फिलॉक्सेरा, माव्याच्या जवळचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा पिवळसर कीडा. तो मुळांतला रस शोषतो, मुळांवर गाठी येतात आणि त्या जखमांतून बुरशी आत शिरते. अमेरिकेतून आणलेल्या जंगली वेलींबरोबर तो आला होता. अमेरिकन वेली पिढ्यानपिढ्या त्याच्यासोबत वाढलेल्या, त्यांचं तो फारसं बिघडवत नाही. युरोपातल्या वेलींना त्याची सवयच नव्हती. शेतकऱ्यांनी काय नाही केलं? बागाच्या बागा आठवडेच्या आठवडे पाण्याखाली ठेवल्या, जमिनीत पिचकारीने कार्बन डायसल्फाइड सोडलं. फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल, इटली, कीड पुढे सरकतच राहिली. शेवटी उपाय सापडला तो आमच्या धंद्यातला: मूळ अमेरिकन वेलीचं ठेवायचं आणि फळ आपल्या वेलीचं घ्यायचं.

हे हातांनी करणाऱ्याला त्यातली मेहनत कळते. पावसाळ्यात आमच्या शेडमध्ये आंब्याची कोय कलमं चालू असतात. कोय रुजून पंधरवड्याचा तांबूस, लुसलुशीत कोंब वर आला की तो कोयीच्या थोडा वर कापायचा. मधोमध उभी चीर द्यायची. हापूसची तीन-चार महिन्यांची काडी दोन्ही अंगांनी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने आवळायची. निदान एका बाजूला तरी साल सालीला लागलीच पाहिजे, नाहीतर काडी काळी पडते. हापूसची कलमं पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात पसरली आणि तिथून वर रत्नागिरीपर्यंत आली. तेव्हा पोर्तुगालमध्येच बिनकलमाची वेल बघायला जाणं हा माझ्यासाठी साधा प्रवास नव्हता.

एक गोष्ट मधेच सांगायला हवी. आपल्या नाशिक-सांगलीकडची द्राक्षंही खुंटावरच असतात, बहुतेक डॉगरिज जातीच्या खुंटावर. पण तिथे कारण निराळं आहे, पाण्यातला खार आणि दुष्काळ. खुंट सगळीकडे कीड अडवण्यासाठीच असतो असं नाही.

कोलारेश लिस्बनच्या पश्चिमेला, सिंत्राच्या डोंगरापलीकडे अटलांटिकच्या काठावर आहे. युरोपच्या मुख्य भूमीचं सगळ्यात पश्चिमेचं टोक, काबो दा रोका, याच परिसरात येतं. सिंत्राचा डोंगर हिरवागार, धुक्यात बुडालेला. तिथे पेन्या वेर्दे नावाची जुनी वाडी आहे. ती दों जुआंव द कास्त्रोची, जो गोव्यात व्हाइसरॉय होता आणि 1548 साली गोव्यातच वारला. त्या वाडीच्या बागेत सोमनाथ पाटणचा, तेराव्या शतकातला संस्कृत शिलालेख होता, हे लेकीने वाचून दाखवलं तेव्हा मी गप्पच झाले. आपल्याकडचे दगड इतक्या लांब कुणाच्या तरी बागेत शोभेला जाऊन बसले. असो, तो विषय वेगळा आहे आणि त्यावर रागाने लिहावं लागेल.

डोंगर उतरून समुद्राकडे गेलं की हिरवा रंग कमी होत जातो. पाइनची झाडं वाऱ्याने एका अंगाला कललेली दिसतात. मग अझेन्यास दो मार नावाचं गाव लागतं, कड्यावर बसलेलं, पांढऱ्या घरांचं. त्याच्या आसपास द्राक्षमळे आहेत. पण मळा म्हटल्यावर नाशिककडे आपण जे बघतो, मांडव, तारा, सरळ ओळी, त्यातलं इथे काहीच नाही. आधी दिसतात त्या वेतासारख्या वाळक्या बोरूच्या उभ्या वया, म्हणजे कुंपणं, माणसाच्या उंचीची, दाट. कुठे कुठे दगडी गडगे, आपल्याकडच्यासारखेच बिनचुन्याचे, फक्त दगड जांभा नाही. त्या वयांनी जमिनीचे छोटे छोटे चौकोन पाडलेले. आत वाकून बघितलं तर वाळूवर वेली चक्क झोपलेल्या. मांडव नाही, तार नाही, काही नाही. मधेमधे सफरचंदाची झाडं, तीही वाऱ्याच्या भीतीने बुटकी राहिलेली.

आम्हाला मळा दाखवायला जे गृहस्थ आले होते ते सत्तरीच्या पुढचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला पोर्तुगीज येत नाही, मधे लेक. मी चपला काढल्या आणि वाळूत उतरले. वरची वाळू पोळत होती. हात कोपरापर्यंत आत घातला तर थंड. बाहेर काढल्यावर खड्डा आपोआप बुजला. ते गृहस्थ त्याकडे बोट दाखवून लेकीला काहीतरी म्हणाले. ती म्हणाली, ‘आई, ते सांगतायत, कीड याच्यामुळेच आली नाही.’

फिलॉक्सेराला मुळांपर्यंत पोचायला जमिनीतल्या भेगा लागतात. चिकण मातीला उन्हात भेगा पडतात, त्यातून तो एका मुळावरून दुसऱ्या मुळावर जातो. सुट्या वाळूत भेग टिकत नाही. म्हणून अख्ख्या युरोपात वेली मरत असताना कोलारेशच्या वेली जगल्या, आपल्याच मुळांवर. आजही तिथे नवी वेल लावायची तर जुन्या वेलीची काडी घेतात आणि तीच जमिनीत घालतात. खुंट नाही, चीर नाही, पट्टी नाही.

पण ती काडी वाळूत नुसती खोचून भागत नाही, आणि हे ऐकून मी खरोखर हलले. वाळूत वेलीला खायला काही नाही. खाली, तीन-चार मीटरवर, कधी त्याहूनही खोल, चिकण मातीचा थर आहे. काडी त्या थराला टेकवावी लागते. म्हणजे वेल लावण्यासाठी आधी वाळूत खंदक खणायचा. वाळू दोन्ही बाजूंनी घसरत असते. खंदकात उतरून काम करणारी माणसं डोक्यावर वेताची टोपली उपडी घालत, कारण बाजू ढासळून माणूस गाडला गेलाच तर टोपलीत अडकलेल्या हवेवर त्याने तग धरावा आणि तेवढ्यात वरच्यांनी त्याला उकरून काढावं. आमच्याकडे विहिरीच्या कामावर माणसं गेलेली मी ऐकलेली आहेत. ती वेताची टोपली कशासाठी हे मला भाषांतर होण्याआधीच कळलं होतं.

खंदक एकदम बुजवतही नाहीत. वेल वर येईल तसा थोडा थोडा, वर्षानुवर्षं भरत आणतात. म्हणजे जो वेल लावतो त्याला भरघोस पीक बघायला मिळण्याआधी बरीच वर्षं नुसती वाळू ओढावी लागते. वेल वाळूवर आली की तिला आडवीच पसरू देतात, कारण उभी केली तर वारा ती मोडून टाकेल. फळ पिकायला लागलं की घडांखाली हातभर उंचीच्या बोरूच्या काड्या लावून वेल थोडी उचलतात. नाहीतर तापलेल्या वाळूवर घड भाजून निघतात. आम्ही गेलो तेव्हा सप्टेंबरअखेर होती आणि सगळ्या मळ्यात असे टेकू लागलेले होते. एका खोडाला मी हात लावून पाहिला, मांडीएवढं जाड, सालपटं सुटलेलं, अर्धं वाळूत. घरी आल्यावर आमच्याकडे कामाला असलेल्या आबांना फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘वाळयेत येवढा मोठा खोड? माका वाटला, माडाशिवाय वाळयेत काय जगूचाच नाय.’

खारा वारा काय करतो ते आम्हाला सांगायला नको. पावसाळ्याच्या तोंडावर समुद्राकडच्या आंब्याची पश्चिमेची पालवी करपून जाते. तिथेही तेच होतं, म्हणून तर त्या वया. पण तोच वारा फळाला थंड ठेवतो. लिस्बनपासून आत, अलेंतेजूकडे, उन्हाने द्राक्षं लवकर पिकतात, साखर भराभर वाढते आणि वाईन जड होते. कोलारेशला सकाळी धुकं, दुपारी वारा. फळ सावकाश पिकतं, तोड उशिरा होते, साखर बेताची राहते आणि आंबटपणा टिकतो. वाईनमध्ये अल्कोहोल साडेअकरा-बारा टक्क्यांच्या आसपास.

लाल वाईनच्या द्राक्षाचं नाव रामिस्को. कोलारेशच्या बाहेर ती जात जवळजवळ कुठेच नाही. मणी बारीक, निळसर काळा, साल जाड. मी एक तोडून खाल्ला. गोडी होती, पण सालीने लगेच तोंड आवळलं. गावाचं नाव लावून लाल वाईन विकायची तर ती वाळूतल्या, बिनकलमाच्या वेलीचीच असायला हवी आणि त्यात निदान 80 टक्के रामिस्को हवी. शेजारच्या घट्ट मातीत लावलेल्या वेलींना हे नाव मिळत नाही. म्हणजे कायद्याने नाव माणसाला किंवा कंपनीला न देता वाळूला दिलं. मला हे फार मोठं वाटतं.

हे हद्द आखण्याचं काम 1908 साली झालं. बाकी युरोप कीड लागून रिकामा झाला होता तेव्हा कोलारेशची चलती होती, आणि चलती आली की नावाचा गैरवापरही आला. मग 1931 साली तिथल्या शेतकऱ्यांनी सहकारी वाईनघर काढलं, अदेगा रेजिओनाल द कोलारेश. पोर्तुगालमधल्या वाईनच्या सहकारी संस्थांत ही सगळ्यात जुनी. मधली कित्येक वर्षं कोलारेशची वाईन इथेच व्हायची, व्यापारी ती पिंपांनी विकत घ्यायचे, आपल्याकडे मुरवायचे आणि आपल्या नावाची चिठ्ठी लावून विकायचे. हे वाईनघर अजून चालू आहे. रस्त्याला लागून लांबलचक इमारत, आत अंधारा गारवा आणि भिंतीलगत माणसापेक्षा उंच लाकडी पिंपं.

चव बघायला त्यांनी आधी नवी वाईन दिली, काहीच वर्षांची. रंग फार गडद नव्हता, पेल्याच्या पलीकडची बोटं दिसत होती. पहिल्या घोटालाच, अर्धकच्चं करवंद चावल्यावर जीभ आवळून येते तसं झालं. आंबट आणि तुरट, दोन्ही एकदम. लेक म्हणाली, हिला नवी असताना पिऊ नये असंच सगळे म्हणतात. रामिस्कोची साल जाड, मणी लहान, म्हणजे रसाच्या मानाने साल आणि बिया जास्त. तुरटपणा येतो तो तिथून. तो मऊ व्हायला दहा-दहा, वीस-वीस वर्षं लागतात. मग जुन्या बाटलीतली थोडी मिळाली. ती वीटकरी रंगाची होती. वासात सुकी आंबट फळं, लाकूड, पाइनची राळ. तोंडात आधी काही विशेष वाटलं नाही, इतकी ती हलकी होती. गिळल्यावर मात्र जिभेच्या कडांवर मीठ राहिलं. खरंच मीठ. आणि तुरटपणा गेलेला नव्हता, तो नुसता शांत होऊन मागे उभा होता.

नाशिकची लाल वाईन मी प्यायलेली आहे आणि मला ती आवडते. उन्हात पिकलेल्या फळाची, भरलेली, गोडसर वासाची. 1999 साली तिथे सुला सुरू झाली, 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, आणि वीस-पंचवीस वर्षांत आपल्याकडे घराघरांत नाही तरी निदान लग्नाकार्यांच्या गप्पांत वाईन आली. पण समुद्रकाठच्या वाईनची चव मला ओळखीची वाटली. त्यात वाऱ्याचा अंश होता, आणि तो वारा मी जन्मभर घेतलेला आहे.

इथे वाचणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी आता विचारणारच, मग आपल्या कोकणात का नाही? वाळू आहे, समुद्र आहे, वारा आहे. रोपवाटिकेत येणारे मुंबईचे लोक हा प्रश्न नेहमी करतात, आणि मी त्यांना स्पष्ट सांगते, द्राक्ष लावू नका. कोलारेशला पाऊस पडतो तो हिवाळ्यात, वेल पानं गाळून झोपलेली असते तेव्हा. उन्हाळा कोरडा जातो. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तो सगळा जून ते सप्टेंबर, गरम हवेत. पानावर दिवसरात्र पाणी. केवडा, भुरी, करपा, सगळे रोग एकाच वेळी दारात. शिवाय वेलीला झोप घ्यायला थंडी लागते, ती आमच्याकडे नाही. नाशिकवाले एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी करून वेलीचं वर्षच बदलतात, पण तिथली हवा कोरडी, गाव समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंच आणि पाऊस आमच्या मानाने किती तरी कमी. त्यांचं गणित इथे उतरवायला गेलं तर औषधफवारणीत माणूस बुडेल.

आमचं लाल फळ भिरंड आहे, म्हणजे कोकम. लाल म्हणावं तर काळपट लाल, हाताला लागलं तर दोन दिवस जात नाही. आंबटपणा रामिस्कोला मागे टाकेल असा. आमच्या आजीच्या पिढीने त्याचं सगळं वापरलं: सालीचं सोल, रसाचं आगळ, बियांचं भिरंडेल तेल. कोकमाची वाईनही होते, पण फळात साखर थोडी आणि आंबट जास्त, त्यामुळे रस पातळ करून वरून साखर घालावी लागते. जांभळाची त्या मानाने सोपी जाते आणि तुरटपणाही येतो. काजूच्या बोंडूची गोष्ट तर सांगवत नाही. सीमेपलीकडे गोव्यात त्याची फेणी होते, 2009 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि अलीकडे आमच्या बागांत बी काढून घेतलं की बोंडू झाडाखाली कुजतो.

कोकमात रोपवाटिकेचं काम फार महत्त्वाचं आहे. त्यात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. बी रुजवून लावलं तर कोणतं निघालं हे कळायला सहा-सात वर्षं जातात, आणि निम्मी झाडं नर निघतात. म्हणून मादी झाडाच्या काडीचं कलम. दापोलीच्या विद्यापीठाची कोकण अमृता ही जात आम्ही करतो. तिचं बरंचसं फळ पावसाच्या आधी हाताला लागतं, आणि सोलं वाळवायला ऊन मिळणं हेच कोकमातलं अर्धं उत्पन्न आहे. कोकमाला डोक्यावर थोडी सावली चालते, माडाच्या बागेत दोन माडांच्या मधे ते छान येतं. म्हणजे आमच्या पुळणीला लागलेल्या माडाच्या वाड्यांत, वाऱ्याच्या बाजूला उंडी-सुरूची वय धरली, तर आतल्या अंगाला कोकम उभं राहतं. माझ्या सासऱ्यांनी केलेलं हे आहे, मी फक्त पुढे नेते.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहिलं. कोलारेशच्या वेली किडीने मारल्या नाहीत, मग आज तिथे मळे इतके थोडे का? एकेकाळी हजाराच्या वर हेक्टर होते. आज पन्नासही नाहीत. कारण लिस्बन जवळ. शहरातल्या लोकांना समुद्रकाठी सुट्टीचं घर हवं झालं, आणि घरासाठी वाळूची सपाट जमीन सगळ्यात सोयीची. खंदक खणून, टोपली डोक्यावर घालून लावलेल्या वेलीपेक्षा भूखंडाचा भाव कितीतरी जास्त. म्हाताऱ्या गृहस्थांनी वयीपलीकडे हात करून दाखवलं, तिथे एक पोहण्याचा तलाव असलेला बंगला होता. ते म्हणाले, त्या जागी आमच्या चुलत्यांचा मळा होता. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मलाच तिथे उभं राहवेना.

कारण हे मी रोज बघते. 2021 मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, मग गोव्यात मोपाचा. तेव्हापासून आमच्या बाजूला पुळणीलगतच्या जमिनीला फोन यायला लागले. परवाच एकाने मला सांगितलं, ‘मॅडम, वाळूच आहे, पडीकच तर आहे.’ त्या पडीक वाळूत मर्यादवेल आहे, ती वाळू धरून ठेवते. तिच्या मागे केवडा, त्याच्या मागे उंडी, सुरू, मग माड, माडात कोकम, आणि त्याच्याही मागे आमची विहीर, जिचं पाणी गोड आहे ते या सगळ्या रांगेमुळे. पुढची रांग काढली की वारा आणि खार सरळ आत येतो. हे समजायला शास्त्रज्ञ लागत नाही, माडाच्या शेंड्याकडे बघितलं तरी समजतं.

कोलारेशने जे थोडं राखलं ते दोन गोष्टींमुळे, असं माझं मत झालं. सहकारी संस्था बंद पडू दिली नाही, आणि नावाला जमिनीची अट घातली. आपल्याकडे वेंगुर्ल्याच्या काजूला, कोकणच्या हापूसला, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, ते चांगलंच आहे. पण मानांकन फळाला मिळालं म्हणून झाडाखालची जमीन वाचत नाही. पुळणीच्या वाडीतल्या कोकमाच्या आगळाला वेगळं नाव, वेगळा भाव मिळाला, तर ती वाडी विकताना माणूस दोनदा विचार करेल. ग्रामसभेत मी हे मांडलं. काहींनी मान डोलावली, काहींनी विचारलं, भाव कोण देणार? प्रश्न रास्त आहे. म्हणून या मे महिन्यात शेजारच्या चार वाड्यांचं कोकम वेगळं ठेवून त्याचं आगळ वेगळं भरायचं, बाटलीवर वाडीचं नाव घालायचं, एवढं आम्ही बायकांनी ठरवलंय. कोकण अमृता असो की गावठी, पण पुळणीवरच्या माडाखालचंच घ्यायचं, ही अट.

कोकणातली बरीच मुलं आता लिस्बनला आहेत, त्यांच्याकडे कुणी जाणार असाल तर रोसियू स्टेशनवरून सिंत्राची गाडी धरा, पुढे बस मिळते, आणि हंगामात सिंत्राहून प्राया दास मसांशच्या किनाऱ्यापर्यंत जुनी ट्रामही जाते. 1904 पासूनची आहे. वाईन बहुधा अर्ध्या लिटरच्या बाटलीत असते आणि स्वस्त नसते. नवी घेतलीत तर घरी आणून ठेवून द्या, उघडायची घाई करू नका. जुनी मिळाली तर मटणाच्या सुक्याबरोबर प्या, आमच्याकडे ती तशीच आवडली, माशाबरोबर मात्र तुरट लागली. आणि दुकानात वाळूतली आणि घट्ट मातीतली, अशा दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. चिठ्ठीवर ‘आरेया’ लिहिलेली बघून घ्या. ती वाळूची.